ॲक्शन फिगरचा चेहरा रिपेंट करताना या चुका टाळा

सांगलीत गावभागात आमच्या बोळाच्या तोंडाशी गणपतीच्या मूर्तींचा कारखाना आहे. श्रावण लागला की तिथली पोरं अंगाचा रंग देतात, पितांबर रंगवतात, दागिन्यांना सोनेरी लावतात. पण डोळ्यांच्या आखणीला हात फक्त थोरल्या मामांचा. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलत नाही. लहानपणी मी उंबऱ्यावर बसून ते बघायचो. आता मी ॲक्शन फिगरची, म्हणजे हातपाय हलवता येणाऱ्या छोट्या प्लॅस्टिकच्या माणसांची, डोकी रंगवतो. १२ इंची, म्हणजे खऱ्या माणसाच्या १/६ मापाच्या फिगरचं डोकं जेमतेम ४ सेंटीमीटरचं असतं. लोकांची बिघडलेली डोकीही माझ्याकडे दुरुस्तीला येतात. येणारा बहुधा एकच तक्रार घेऊन येतो, "दादा, स्किन टोन जमत नाही." डोकं खिडकीपाशी नेऊन बघावं तर कातडीचा रंग बरा असतो, चुकलेली असते ती नजर. म्हणून आधी डोळ्यांबद्दल बोलतो.

डोळे वटारलेले किंवा तिरळे दिसतात

माणसाचं बुबुळ साधारण १२ मिलिमीटर रुंद असतं. १/६ मापाच्या फिगरवर ते २ मिलिमीटर होतं आणि १/१२ मापाच्या, म्हणजे सहा इंची फिगरवर फक्त १. पांढरं लावून त्याच्या मधोमध हे बुबुळ पूर्ण गोल काढणं ही मला सगळ्यात जास्त दिसणारी चूक. आरशात स्वतःचा डोळा बघा. बुबुळाची वरची कड पापणीखाली झाकलेली असते, खालची कड खालच्या पापणीला टेकलेली असते. बुबुळाच्या चारी बाजूंना पांढरं दिसलं की माणूस दचकलेला वाटतो आणि बाकीचा चेहरा कितीही जुळला तरी ओळख पटत नाही. असं डोकं आधीच रंगवून झालं असेल तर सगळं खरवडू नका. वरच्या पापणीची कड गडद तपकिरी रंगाने अगदी थोडी खाली घ्या, बुबुळाचा माथा झाकला जाईल एवढीच. बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं.

तिरळेपणाचं कारण मापात आहे. मोठ्या माणसाच्या डोळ्यांतल्या दोन बाहुल्यांमधलं, म्हणजे बुबुळांमधल्या काळ्या ठिपक्यांमधलं अंतर सरासरी ६३ मिलिमीटर, म्हणजे १/६ मापात साडेदहा. इथे अर्ध्या मिलिमीटरने हात सरकला तर खऱ्या चेहऱ्यावर ती ३ मिलिमीटरची चूक ठरते. एक डोळा बाहुलीसकट पूर्ण करून मग दुसऱ्याकडे वळलात तर हे होणारच, कारण पहिल्याशी जुळवायला दुसऱ्यात जागाच उरत नाही. मामा दोन्ही डोळ्यांची जागा आधी नेमून घेतात आणि हात सतत इकडून तिकडे फिरता ठेवतात. तसंच करा: पांढरं दोन्हीत, बुबुळ दोन्हीत, मग बाहुली दोन्हीत. अगदी समोर बघणारी नजर सर्वांत अवघड, म्हणून नवीन असाल तर दोन्ही बुबुळं किंचित एकाच बाजूला ठेवा. प्रत्येक टप्प्यावर मोबाईलने फोटो काढून तो आरशासारखा उलटा करून पाहा. डोळ्याला सवय झालेली चूक उलट्या फोटोत लगेच सापडते.

पांढऱ्या भागासाठी बाटलीतला शुद्ध पांढरा कधीच नको. त्यात कणभर राखाडी आणि कणभर कातडीचा रंग मिसळा. पापणीची रेघ काळी नको, गडद तपकिरी हवी. खालच्या पापणीला बहुतेक पुरुषी चेहऱ्यांवर रेघच नको. आणि डोळ्यात चमक म्हणून पांढरा ठिपका दिलात, वर ग्लॉस (चकचकीत) व्हार्निशही लावलंत, तर एका डोळ्यात दोन चमका दिसतात. दोन्हींपैकी एकच निवडा. मी ग्लॉस निवडतो, कारण ती चमक डोकं फिरवलं की आपोआप फिरते.

एका बाबतीत मात्र मी मामांच्या उलट जातो. मूर्तीत आखणी सगळ्यात शेवटी होते. फिगरवर मी बेस कोटनंतर, म्हणजे कातडीच्या पहिल्या सपाट हातानंतर, डोळे आधी करतो. पापण्यांची कड कातडीच्या रंगाने नंतर साफ करून घेता येते, पण रंगवलेल्या गालावर डोळ्याचा रंग सांडला तर गालही गेला. डोळे पटले की त्यावर व्हार्निशचा पातळ हात देऊन ते वाळू द्या. मग पुढे काही चुकलं तर ओल्या ब्रशने पुसता येतं आणि खालचं काम सुरक्षित राहतं.

रंग महिनाभर चिकटच राहतो

हा प्रश्न रंगकौशल्याचा नाही, रसायनाचा आहे. बरीच डोकी मऊ पीव्हीसीची असतात. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लॅस्टिसायझर मिसळलेलं असतं. एनॅमल रंग, हार्डवेअरच्या दुकानातले स्प्रे आणि सॉल्व्हंटवर (थिनरसारख्या द्रावकावर) बनलेले बरेच प्रायमर, म्हणजे रंगाआधीचे अस्तर, या प्लॅस्टिसायझरशी मिसळतात आणि पूर्ण वाळतच नाहीत. बोट लावलं की ठसा उठतो, धूळ चिकटते. वरून व्हार्निश मारून हे झाकायला जाऊ नका, थोड्या दिवसांनी खालचा चिकटपणा वर येतोच. एकच मार्ग आहे: तो थर काढून टाका आणि पाण्यावर चालणाऱ्या ॲक्रिलिक रंगांनी पुन्हा सुरू करा. प्रायमरही ब्रशने लावायचा ॲक्रिलिकच घ्या, किंवा कारखान्याचा कातडी रंग चांगला असेल तर प्रायमर टाळा.

रंग काढताना नेलपॉलिश रिमूव्हर वापरलेली डोकी पाहून मला फार वाईट वाटतं. त्यातल्या ॲसिटोनने प्लॅस्टिकच मऊ होऊन विरघळायला लागतं. नाकाचा शेंडा, ओठांची कड, कानाची पाळ, म्हणजे ज्यावर साम्य उभं असतं तेच पुसलं जातं, आणि याला दुरुस्ती नाही. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, इअरबडने थोड्या थोड्या भागावर फिरवा, डोकं त्यात बुडवून ठेवू नका. हँड सॅनिटायझर त्याच्या जागी चालत नाही. त्यात ग्लिसरीन असतं आणि ते पृष्ठभागावर राहिलं की नवा रंग धरत नाही.

न धुता रंगवलेल्या डोक्यावर रंग पाण्यासारखा फुटून थेंब थेंब होतो. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर आणि आपल्या बोटांचं तेल, दोन्ही त्याला कारण. भांडी धुण्याच्या लिक्विडने मऊ टूथब्रश फिरवून धुवा. पाणी क्षाराचं असेल तर वाळू देऊ नका, लगेच टिपून घ्या. डोळ्यांचं आतलं यंत्र फिरवता येतं अशा महागड्या डोक्यात मात्र पाणी जाऊ देऊ नका. ते फक्त ओल्या कापडाने पुसा.

फोटोतली सावली गालावर उतरते

भाच्याला खाशाबा जाधव हवे होते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा, १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं ब्राँझ जिंकून स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे. त्यांचे जुने फोटो कृष्णधवल. पहिल्या डोक्यावर मी फोटो जसा दिसत होता तसा उतरवला: गालाखाली गडद, नाकाच्या एका बाजूला गडद. टेबलावर ठेवलं आणि लक्षात आलं की मी चेहरा रंगवला नव्हता, त्या दिवशीचा उजेड रंगवला होता. फिगरवर खरा उजेड पडतो आणि खरी सावलीही पडते. त्यात रंगवलेली सावली मिसळली की चेहरा माखल्यासारखा दिसतो. तेव्हापासून मी एकाच माणसाचे वेगवेगळ्या उजेडातले चार-पाच फोटो समोर ठेवतो आणि सगळ्यांत सारखं दिसेल तेवढंच उतरवतो: भुवयांची चढण, ओठांची रेघ, कपाळाची रुंदी, केसांची सुरुवात.

कृष्णधवल फोटोवरून कातडीचा रंग कळत नाही, तो माणसांकडे बघून शिकावा लागतो. चेहरा एका रंगाचा नसतो. कपाळ पिवळसर, गाल, नाक, कान लालसर, पुरुषाच्या हनुवटीचा भाग दाढीमुळे निळसर-राखाडी. आपल्याकडच्या चेहऱ्यांत डोळ्यांभोवती तपकिरी-जांभळट छटा असते आणि वरचा ओठ खालच्यापेक्षा गडद असतो. कारखान्याचे गुलाबी ओठ तसेच ठेवले तर बाकी चेहरा सावळा करूनही तो आपला वाटत नाही. मी यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि पांढरा यावर सुरू करतो. गडद करायला काळा घालत नाही, त्याने कातडी मेलेली दिसते. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि चिमूटभर अल्ट्रामरीन (गडद निळा) घाला. आणि खेळाडू पैलवान असेल तर कानांकडे दुर्लक्ष करू नका. आखाड्यात मोडलेले कान बघणाऱ्याला चेहऱ्याआधी माणूस सांगतात, पण त्यांचा आकार शिल्पातच असावा लागतो. रंगाने आकार बनत नाही. कपाळ, जबडा, नाक यांचं मूळ शिल्पच वेगळ्या माणसाचं असेल तर दुसरं डोकं शोधा.

रंगाचा दाटपणा दुधाएवढा ठेवा आणि पाच-सहा पातळ हात द्या. एकाच जाड हाताने कातडीची छिद्रं आणि डोळ्याजवळच्या सुरकुत्या बुजतात. गालांवर छोट्या फाटक्या स्पंजने दोन-तीन जवळच्या छटा टिपल्या की सपाट प्लॅस्टिकपण जातं. गालाच्या लालीसाठी कोरडी पेस्टल पावडर छान बसते, पण इथे एक घोटाळा नेहमी होतो: स्टेशनरीच्या दुकानात पेस्टल मागितलं की बहुतेक वेळा ऑइल पेस्टल हातात पडतं. त्याची पावडर होत नाही, ते मेणासारखं माखतं. सॉफ्ट पेस्टल मागा, आणि लावण्याआधी मॅट (बिनचमकीच्या) व्हार्निशचा हात द्या, नाहीतर पावडर धरत नाही.

दाढीची खुंटं काळ्या ठिपक्यांनी काढू नका. कातडीच्या रंगात निळसर राखाडी मिसळून पाण्यासारखा पातळ हात द्या. डोक्याचे केस जिथे सुरू होतात तिथली कडक रेघ टोपी घातल्यासारखी दिसते, तिथे केसांचे दोन-चार बारीक फटकारे कपाळावर ओढा.

व्हार्निश पांढुरकं पडतं

आमच्याकडे कृष्णा हाकेच्या अंतरावर. जुलै-ऑगस्टमध्ये भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत. अशा हवेत मॅट स्प्रे मारला की चेहऱ्यावर पांढरं धुकं बसतं, कारण उडणाऱ्या सॉल्व्हंटमुळे पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतलं बाष्प त्यावर अडकतं. घाबरून डोकं धुवायला घेऊ नका. पाऊस उघडल्यावर, कोरड्या दुपारी, त्यावर ग्लॉसचा पातळ हात द्या; धुकं बहुतेक वेळा विरघळतं. मग पुन्हा मॅट. पावसाळ्यात मी स्प्रे बाहेर काढतच नाही, ब्रशचं मॅट व्हार्निश वापरतो. शेवटचा मॅट हात झाला की डोळ्यांवर आणि खालच्या ओठाच्या ओल्या कडेवर ग्लॉस परत द्यायला विसरू नका.

उन्हाळ्यात याच्या उलट त्रास. एप्रिल-मेमध्ये ब्रश चेहऱ्यापर्यंत पोचायच्या आत रंग वाळतो. लोक म्हणून सर्वांत बारीक ब्रश घेतात आणि आणखी अडकतात, कारण त्या ब्रशच्या पोटात रंगच मावत नाही. चांगलं टोक असलेला शून्य नंबरचा ब्रश बुबुळासाठीही पुरतो. डब्याच्या झाकणात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, आणि त्यावर रंग, असं ठेवलं तर रंग तासन्‌तास ओला राहतो. पंखा बंद ठेवा.

साम्य तपासताना होणारी चूक

फोन डोक्याला चिकटवून फोटो काढतात आणि नाक मोठं दिसतं म्हणून पुन्हा रंगवायला घेतात. दोष अंतराचा असतो. संदर्भाचा फोटो साधारण २ मीटरवरून काढलेला असेल तर १/६ मापात ते ३३ सेंटीमीटर होतं. तेवढं लांब धरून झूम करा, मगच तुलना करा. पिवळ्या दिव्याखाली जुळवलेला रंग सकाळी खिडकीत वेगळाच दिसतो, म्हणून शेवटचा निर्णय दिवसाच्या उजेडात घ्या.

डोकं उतरवताना किंवा बसवताना थंड ओढू नका, मानेची खुंटी मोडते. काढताना कोमट करायला हरकत नाही. बसवताना मात्र चेहरा रंगवलेला असतो, म्हणून हेअर ड्रायरची गरम हवा फक्त मानेच्या भोकात द्या, चेहऱ्यावर नाही. त्याआधी रंगाला निदान दोन दिवस द्या. पकडताना मागचे केस मऊ कापडात धरून सरळ खाली दाबा. खोक्यात परत ठेवायची असेल तर चेहऱ्याला पारदर्शक प्लॅस्टिक लागू देऊ नका, मध्ये टिश्यूची घडी ठेवा. उन्हाळ्यात ते प्लॅस्टिक रंगाला चिकटतं आणि उघडताना सगळ्यात आधी नाकाच्या शेंड्यावरचा रंग निघतो.