रस्त्याकडेला गाडी बंद पडलेली दिसली तर: थांबावं का, आणि थांबलात तर काय करावं

इंदूरच्या आसपासच्या रस्त्यांवर एमएच पासिंगच्या गाड्या आता रोजच्याच झाल्या आहेत. उज्जैनला महाकाल, तिकडे ओंकारेश्वर, मधे इंदूरचा मुक्काम आणि परतताना मानपूर, सेंधवा, बिजासन घाट उतरून धुळं. मंडळी रात्रीची निघतात, गाडी चालवणारा दमलेला असतो, रस्ता ओळखीचा नसतो. बॉनेट उघडून कोणीतरी हात करतंय, हे दृश्य बायपासवर नाहीतर घाटात हमखास दिसतं. २०२८ चा उज्जैनचा सिंहस्थ जवळ येईल तसं ते आणखी दिसणार. अशा वेळी आपण काय करायचं, हे गाडीत बसण्याआधीच ठरलेलं असलं तर बरं, कारण रस्त्यावर विचार करायला दोन-तीन सेकंदच मिळतात.

माझं मत स्पष्ट सांगतो. मदत प्रत्येक वेळी करावी. थांबावं मात्र जागा, वेळ आणि सोबत बघून. या दोन गोष्टींची गल्लत झाली की माणूस एकतर जीव धोक्यात घालतो, नाहीतर मान फिरवून निघून जातो.

पायरी १: थांबायचं की नाही, हे वेग कमी करता करता ठरवा

दिवस आहे, कडेला रुंद जागा आहे, पुढचं-मागचं लांबपर्यंत दिसतंय, गाडीत तुमच्याबरोबर आणखी एखादा मोठा माणूस आहे, तर थांबा. घाटातलं वळण, उतार, पूल, धुकं किंवा मुसळधार पाऊस असेल तर थांबू नका, समोरचा कितीही हात करत असला तरी. याच रस्त्यावरच्या गणपती घाटाच्या उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी पुढच्या गाड्या कशा चिरडल्या, हे इकडच्या लोकांना सांगायला नको. उतारावर थांबलेली प्रत्येक जादा गाडी म्हणजे मागून येणाऱ्याच्या वाटेतला एक जादा अडथळा.

रात्री एकटे असाल, विशेषतः बाई एकटी असेल किंवा गाडीत लहान मुलं असतील, तर न थांबण्यात काहीही कमीपणा नाही. रस्त्यात कोणी आडवं पडलंय, किंवा दुचाकीवरून बरोबरीने येऊन कोणी तुमच्याच टायरकडे बोट दाखवत ओरडतंय, अशा वेळीही तिथेच ब्रेक मारू नका. उजेडाचा पेट्रोल पंप, टोल नाका किंवा गजबजलेला ढाबा गाठा आणि तिथून फोन करा. कोणी खरंच पडलेलं असेल तर त्याला त्या फोनची गरज आहेच.

पायरी २: थांबला नाहीत तरी फोन करा

हे काम कोणालाही जमतं आणि हेच सगळ्यात कमी केलं जातं. प्रत्येकाला वाटतं की आधीच्या कोणीतरी कळवलं असेल. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा महामार्ग प्राधिकरणाचा मदत क्रमांक आहे. टोल नाक्यांवरची गस्तीची गाडी, क्रेन आणि रुग्णवाहिका त्यातून हलते. बाकी कुठल्याही रस्त्यावर ११२. जखमी असतील तर १०८.

फोनवर ठिकाण नीट सांगता आलं पाहिजे. ‘मानपूरच्या पुढे’ एवढ्यावर क्रेनवाल्याला काहीच कळत नाही. तीन गोष्टी सांगा: कडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, मागे पडलेला ढाबा, पूल किंवा टोल, आणि गाडी कोणत्या बाजूला आहे ते, म्हणजे इंदूरहून धुळ्याकडे जाणाऱ्या की उलट. दुभाजकाच्या रस्त्यावर बाजू चुकली की मदतीची गाडी पुढच्या कटपर्यंत जाऊन वळून येते आणि वेळ हकनाक जातो. गाडी चालवणाऱ्याने फोन करू नये, शेजारच्याला करायला सांगावा. एकटे असाल तर पुढे सुरक्षित जागी थांबून करा.

पायरी ३: गाडी कुठे उभी करायची

यावर मी जरा जास्त लिहितो, कारण मदत करायला गेलेल्यांचे जीव जातात ते इथे. जुलै २०२३ मध्ये अहमदाबादच्या इस्कॉन पुलावर रात्री एक अपघात झाला. तो पाहायला आणि मदतीला लोक जमले, पोलीसही आले, आणि मागून भरधाव आलेली कार त्या घोळक्यात घुसली. नऊ जण गेले.

म्हणून गाडी डांबरावरून पूर्ण खाली, डावीकडे कच्च्यात घ्या. अर्धी रस्त्यावर, अर्धी खाली, असं चालत नाही. बंद गाडीच्या पुढे पंचवीस-तीस पावलं अंतर ठेवून उभी करा, पुढची चाकं डावीकडे वळवून ठेवा, हँडब्रेक लावा, चारही इंडिकेटर चालू ठेवा. एवढं अंतर यासाठी, की बंद गाडीला मागून धडक बसलीच तर ती तुमच्यावर येऊ नये. दोन गाड्यांच्या मधे कोणीही उभं राहायचं नाही, बोलायलासुद्धा नाही. बंद गाडी दुभाजकापलीकडे असेल तर दुभाजक ओलांडून पळत जाऊ नका. फोन करा, नाहीतर पुढच्या कटवरून वळून या.

पायरी ४: आधी बोला, मग हात लावा

खाली उतरण्याआधी काच चार बोटं खाली करून लांबूनच विचारा: “भैया, सब ठीक? किसी को फोन लगाया?” उत्तरावरून पुष्कळ कळतं. खरोखर अडकलेला माणूस लगेच सांगतो की काय बिघडलंय आणि कोणाला फोन केलाय. गाडी एमएचची असली तर मराठीतच विचारा: “काका, काय झालं? मी इंदूरचाच.” परक्या राज्यात आपली भाषा कानावर पडली की माणसाचा निम्मा ताण तिथेच उतरतो. तुम्ही त्यांना अनोळखी आहात, हेही विसरू नका. त्यांच्या गाडीतल्या बायका-मुलांना तुमची भीती वाटू शकते. दोन पावलं लांब उभे राहा, हात दिसतील असे ठेवा, आणि त्यांनी नको म्हटलं तर वाईट वाटून न घेता निघा.

पायरी ५: माणसं गाडीबाहेर काढा

गाडी दुरुस्त होवो न होवो, हे झालंच पाहिजे. मानपूरच्या अलीकडे अशीच एक नाशिककडची गाडी गरम होऊन उभी होती. घरची पुरुष मंडळी बॉनेटमध्ये डोकं घालून, आणि मागच्या सीटवर आजी गुडघ्यावर हात ठेवून बसलेल्या. “मला नका उठवू बाबा, गुडघे धरलेत, मी आपली इथंच बरी,” त्या म्हणाल्या. मी म्हटलं, “आजी, हात द्या, हळूच उतरा. ट्रक नुसता घासून गेला तरी गाडी हलते.” डिकीतली सतरंजी काढली, कठड्यापलीकडे झाडाखाली घातली आणि सुनेने त्यांना धरून नेलं. तोवर दोन कंटेनर गेले आणि दोन्ही वेळा उभी गाडी गदगदा हलली. मग मुलंसुद्धा न सांगता आजीजवळ जाऊन बसली.

माणसं नेहमी लोखंडी कठड्याच्या पलीकडे आणि गाडीच्या मागच्या बाजूला थोडी लांब बसवा. पुढे बसवलीत तर धडक बसल्यावर गाडी त्यांच्याच अंगावर येते. उन्हाळ्यात घाटाखालच्या निमाड भागात उतरल्यावर ऊन भाजून काढतं, तेव्हा सावली आणि पाणी ही तिथली पहिली मदत.

पायरी ६: मागच्यांना कळू द्या

धोक्याचा लाल त्रिकोण गाडीच्या अगदी मागे ठेवून उपयोग नाही. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर कापते. त्रिकोण ५० मीटरवर ठेवला तर मागच्याला जेमतेम सव्वादोन सेकंद मिळतात. महामार्गावर १०० मीटर किंवा जास्तच ठेवा. वळण किंवा चढाचा माथा असेल तर येणाऱ्याला तो त्याच्या आधीच दिसेल असा ठेवा. ठेवायला जाताना रस्त्याच्या कडेबाहेरून, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून चाला. त्रिकोण नसेल तर झाडाची फांदी चालेल. दगड मांडू नका. ट्रकवाले मांडतात, ट्रक निघून जातो, दगड रस्त्यात राहतात आणि रात्री एखादा मोटारसायकलवाला त्यांच्यावर जातो. असे पडलेले दगड दिसले आणि रस्ता मोकळा असेल तर बाजूला करा. तीही मदतच आहे.

पायरी ७: गाडीचं काम, जेवढं येतं तेवढंच

पंक्चर: जमीन सपाट आणि टणक असेल तरच स्टेपनी बदला. नट आधी चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे, मग जॅक लावायचा. चाक रस्त्याच्या बाजूचं असेल आणि गाड्या जोरात जात असतील तर गाडी पंक्चर चाकावरच हळूहळू आणखी आत घ्या. टायर खराब होईल, होऊ द्या.

इंजिन गरम: इंजिन बंद करून किमान अर्धा तास थांबायचं. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं. घाईत असलेला गाडीमालक नेमकं तेच करायला जातो, त्याला अडवा.

बॅटरी: जंपर केबलची लाल तार आधी बंद बॅटरीच्या प्लसला, मग चालू बॅटरीच्या प्लसला. काळी चालू बॅटरीच्या मायनसला आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब, म्हणजे ठिणगी उडालीच तर बॅटरीच्या गॅसजवळ उडत नाही. ट्रकची व्यवस्था बहुधा २४ व्होल्टची असते, त्यावरून कारला करंट देऊ नका. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्या कंपनीच्या माणसांवर सोडा.

टोचन, म्हणजे बंद गाडी दोरीने ओढणं: हे सगळ्यात सोपं वाटतं आणि सगळ्यात जास्त यातच फसतं. इंजिन बंद असलेल्या गाडीचा ब्रेक दोन-तीनदा दाबला की दगडासारखा कडक होतो आणि पॉवर स्टीअरिंग जड होतं. बसणाऱ्याला हे आधी सांगा, किल्ली फिरवून स्टीअरिंगचं लॉक उघडं ठेवायला लावा. दोरी चार-पाच मीटर, वेग वीसच्या आसपास आणि अंतर जवळच्या ढाब्यापुरतं. घाटात टोचन अजिबात नको. ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिक गाड्या तर दोरीने ओढूच नयेत, त्यांना वर चढवून नेणारी क्रेन लागते. दोरी ताणलेली असताना तिच्याजवळ कोणी उभं राहू नये.

पेट्रोल संपलेल्या दुचाकीला पायाने ढकलत नेणं कॉलनीत ठीक, बायपासवर नाही. त्याला पंपापर्यंत सोडा. लिफ्ट देताना त्याच्या घरच्या कोणालातरी फोन लावून तुमचा गाडी नंबर सांगा. दोघांनाही निश्चिंत वाटतं.

पायरी ८: अपघात असेल तर

‘पोलिसांचं लचांड मागे लागेल’ या भीतीने लोक अजूनही जखमींजवळून निघून जातात. ही भीती आता सोडून द्या. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी दावा लागत नाही. नाव-पत्ता सांगण्याची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचं की नाही हे तुम्ही ठरवायचं. दवाखान्याने तुम्हाला अडकवून ठेवता येत नाही की पैसे भरायला लावता येत नाही. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींना सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंतचे कॅशलेस उपचार देणारी योजनाही आहे. ‘पैसे कोण भरणार’ म्हणून कोणी टाळाटाळ केली तर ती सांगा.

वाहत्या रक्तावर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. आगीचा धोका नसेल तर जखमीची मान न हलवता रुग्णवाहिकेची वाट बघा. आणि उलटलेला टँकर दिसला तर जवळ जाऊ नका, कोणाला जाऊही देऊ नका. ऑक्टोबर २०२२ मध्ये खरगोन जिल्ह्यात उलटलेल्या इंधनाच्या टँकरचा स्फोट झाला तेव्हा जवळ जमलेली गावातली माणसं होरपळून गेली.

डिकीत एवढं ठेवा

टोचनची जाड दोरी, जंपर केबल, टॉर्च, टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप, त्रिकोण, चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट, एक जुनी सतरंजी आणि पिण्याचं जादा पाणी. एका कोपऱ्यात मावतं सगळं.

निघण्याआधी त्रिकोण किंवा फांदी उचला. गाडी चालू झाली असेल तर १०३३ ला पुन्हा फोन करून तसं सांगा, म्हणजे क्रेन तिकडे उगाच न येता दुसऱ्या कोणाकडे जाईल.