परदेशातून पुण्याला पत्र पाठवताना

परदेशातून टाकलेल्या पत्रावर त्याच देशाचे आणि आंतरराष्ट्रीय दराचे तिकीट असावे लागते, त्यामुळे ते शक्यतो टपाल कार्यालयातूनच घ्यावे. रोमला जाणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावे, की व्हॅटिकनचे तिकीट लावलेले पत्र व्हॅटिकनच्याच पेटीत टाकावे लागते. इटलीच्या लाल पेटीत ते चालत नाही.

सदाशिव पेठेतल्या आजीला मजकूर खुशाल मराठीत लिहावा, आणि तो तसाच लिहावा असे मला मनापासून वाटते, पण पत्ता मात्र रोमन लिपीत हवा. शेवटून दुसऱ्या ओळीत पुणे आणि ४११०३० हा पिनकोड इंग्रजी आकड्यांत लिहावा, आणि त्याखाली, अगदी शेवटच्या ओळीत, देशाचे नाव मोठ्या अक्षरांत एकटेच असावे, कारण तिकडच्या छाननीत आधी तेच पाहिले जाते. पिनकोडचे काम पत्र भारतात आल्यावर सुरू होते.

वस्तू पाठवायची असल्यास सीमाशुल्काच्या फॉर्मवर तिचे नाव, वजन आणि किंमत खरी लिहावी. नुसते ‘भेटवस्तू’ लिहिणे पुरेसे नसते.

प्रवासात पक्का पत्ता नसला, तरी अनेक देशांत घरचे पत्र ‘पोस्त रेस्तांत’ या सोयीने ठरावीक टपाल कार्यालयात मागवता येते. अमेरिकेत तिला ‘जनरल डिलिव्हरी’, तर इटलीत ‘फेर्मो पोस्ता’ म्हणतात. पत्र घेताना पासपोर्ट दाखवावा लागतो, म्हणून पाकिटावरचे नाव पासपोर्टवरील नावाशी तंतोतंत जुळेल असे लिहायला घरच्यांना निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे.