फॉरेन बायरसोबत अ‍ॅग्रीमेंट करताय? आर्बिट्रेशन क्लॉजमधल्या या चुका टाळा

रेट ठरवायला दोन महिने, पेमेंट टर्म्सवर पंधरा फोन, आणि आर्बिट्रेशनचा, म्हणजे वाद कोर्टाऐवजी लवादाकडे (आर्बिट्रेटरकडे) न्यायचा क्लॉज मात्र सहीच्या आदल्या रात्री कुठल्यातरी जुन्या अ‍ॅग्रीमेंटमधून उचलून चिकटवायचा, हे मी कित्येक वर्षं बघतोय. तिकडे सगळं बदललंय, मुंबईत २०१६ला एमसीआयए ही लवाद चालवणारी संस्था सुरू झाली, सिंगापूरच्या एसआयएसी या तशाच संस्थेचे नवे रूल्स १ जानेवारी २०२५पासून लागू झाले, आपला क्लॉज मात्र अजून आजोबांच्या वयाचा.

मध्ये एका द्राक्ष एक्सपोर्टरच्या कागदात 'एलसीआयए इंडिया' (लंडनच्या लवाद संस्थेची इथली शाखा) असं वाचलं आणि कपाळावर हात मारला, कारण ती संस्था २०१६लाच गुंडाळली गेली. दुबईतही तेच, २०२१च्या डिक्री ३४ने डीआयएफसी-एलसीआयए ही लवाद संस्था रद्द होऊन काम डीआयएसी या तिथल्याच दुसऱ्या संस्थेकडे गेलं, पण जुन्या नावाचे क्लॉज अजून फिरतायत. तुमच्याकडे असा कागद असेल तर आजच एका पानाचं अ‍ॅडेंडम (पुरवणी करार) करून घ्या. बायर गोड बोलतोय तोवर सही मिळते, कंटेनर पोर्टवर अडकला की तो ईमेलसुद्धा उघडत नाही.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सीट आणि व्हेन्यूचा घोळ. सीट म्हणजे कुठल्या देशाचं कोर्ट या लवादावर लक्ष ठेवणार ते, व्हेन्यू म्हणजे नुसती बसायची जागा. एनरकॉनच्या केसमध्ये कागदावर 'व्हेन्यू लंडन' होतं, आणि सुप्रीम कोर्टाने २०१४ला सांगितलं की सीट भारतच. वर तिथे आर्बिट्रेटर तीन हवेत असं लिहिलेलं, पण दोघांनी मिळून तिसरा नेमायचा हे वाक्यच राहून गेलेलं, शेवटी कोर्टाने ते स्वतः क्लॉजमध्ये वाचून घेतलं. पुढे २०१७ला शशुआच्या केसमध्ये पुन्हा 'व्हेन्यू लंडन', आणि यावेळी सीटही लंडन! एका शब्दावर वकिलांची किती चांदी झाली असेल विचार करा. सरळ लिहा ना, 'सीट मुंबई' किंवा 'सीट सिंगापूर', आणि त्याच ओळीत संस्थेचं पूर्ण नाव आणि आर्बिट्रेटर किती तेही.

आकड्यावरून आठवलं, चाळीस लाखांच्या ऑर्डरला तीन आर्बिट्रेटर कशाला हवेत? चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. एसआयएसीच्या नव्या रूल्समध्ये १० लाख सिंगापूर डॉलरपर्यंतच्या वादाला स्ट्रीमलाइन्ड प्रोसीजर, म्हणजे झटपट पद्धत, आपोआप लागते, एकच आर्बिट्रेटर आणि तीन महिन्यांत अवॉर्ड म्हणजे निकाल. पण लोक जुना क्लॉज कॉपी करताना 'फास्ट ट्रॅक नको' छापाची ओळही सोबत घेऊन येतात आणि फायदा घालवतात.

आर्बिट्रेटर एकटा मीच नेमणार, हा हट्टही सोडा. २०१९च्या पर्किन्स ईस्टमन निकालानंतर भारतात ते चालत नाही, २०२४ला घटनापीठानेही एकतर्फी नेमणुकीविरुद्धच कौल दिला.

आता घाईचा प्रसंग, म्हणजे समोरचा माल विकून मोकळा होतोय किंवा पैसे हलवतोय. एसआयएसीकडे आता नोटीस ऑफ आर्बिट्रेशन (लवाद सुरू करायची नोटीस) देण्याआधीच इमर्जन्सी आर्बिट्रेटर, म्हणजे तातडीचा तात्पुरता आदेश देणारा, मागता येतो, नोटीस मग सात दिवसांत द्यायची. अ‍ॅमेझॉन-फ्युचरच्या केसमध्ये २०२१ला सुप्रीम कोर्टाने अशा आर्बिट्रेटरचा आदेश भारतात लागू होतो म्हटलं खरं, पण तिथे सीट दिल्ली होती, हे लोक विसरतात. तुमची सीट बाहेर असेल तर तो आदेश इथे थेट वाजत नाही, आपल्या आर्बिट्रेशन कायद्याच्या कलम ९खाली (तात्पुरत्या संरक्षणासाठी) हायकोर्टात वेगळा अर्ज करावा लागतो. म्हणून क्लॉजमध्ये 'भारतीय कायद्याचा पार्ट वन लागू नाही' अशी ओळ दिसली तर सही करायच्या आधी थांबा, कारण कलम ९ त्या पार्ट वनमध्येच आहे आणि त्या ओळीने हाच दरवाजा बंद होऊ शकतो.