कुत्र्याला घेऊन वसंतात टेकडीवर जाताय? या चुका टाळा

पावसाळ्यात पाहून ठेवलेली सोपी वाट फाल्गुन-चैत्रातही सोपीच असेल, असं धरून निघणं ही सगळ्यांत मोठी चूक. पळस, पांगारा, सावर फुलतात तेव्हा फांद्यांवर पानं नसतात, त्यामुळे खाली सावलीही नसते. ओढे आटलेले असतात. मुलं दमली की कुरकुर करतात. कुत्रा मात्र पाय लटपटेपर्यंत मालकामागे चालत राहतो.

त्यामुळे वेळेत ढिलाई नको. नाश्ता उरकून नऊला पायथ्याशी पोचलात, तर उतरताना बारा वाजतात आणि काळा कातळ तापलेला असतो. उजाडता उजाडता चढायला लागा, साडेनऊपर्यंत खाली या. हाताची मागची बाजू कातळावर सात सेकंद ठेववत नसेल, तर कुत्र्याचे पंजे भाजणारच. कुत्रा घामाने नव्हे, मुख्यतः धापा टाकून अंग थंड करतो. म्हणूनच पग, बॉक्सरसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना मार्चमध्ये चढावर नेऊच नये, हे आमचं ठाम मत.

वर टाक्यात पाणी मिळेल या भरवशावर राहू नका. घरी असतानाही कुत्र्याला दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण 50 ते 60 मिली पाणी लागतं. वीस किलोच्या कुत्र्यासाठी तीन तासांच्या चालीला दीड लिटर पाणी माणसांच्या हिशेबाबाहेर ठेवा आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी थोडं थोडं पाजा. निघण्याआधी दोन तास पोटभर खायला घालू नका.

धाप थांबत नाही, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसतात, तोल जातो: हा उष्माघात. अशा वेळी ‘जरा चालला की बरा होईल’ म्हणून चालवू नका. सावलीत घ्या, पोट, जांघा आणि पंजे साध्या पाण्याने भिजवून वारा घाला. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवला तर उष्णता आतच कोंडते. मग उचलून खाली आणा आणि तरतरी आली तरी पशुवैद्याकडे न्याच.

वाळलेल्या गवतातली कुसळं हे या दिवसांतलं दुर्लक्षित दुखणं. टोकदार कुसळ बोटांच्या बेचक्यात शिरलं की काटेरी केसांमुळे पुढेच सरकत जातं. कुत्रा पंजा चाटत राहिला किंवा एका बाजूला मान झटकू लागला, तर तिथेच शोधा. कानात खोल गेलेलं मात्र स्वतः कोरू नका. परतल्यावर गोचीडही तपासा: कानामागे, पट्ट्याखाली, काखेत. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा; रॉकेल लावणं, चटका देणं टाळा.

कुत्रा कितीही शहाणा असो, दोन मीटरची दोरी आणि हार्नेस हवाच. मोर उडाला, शेळ्या दिसल्या किंवा वाडीतली कुत्री अंगावर आली की हाक ऐकू येत नाही. कड्याला आग्या मोहोळ दिसलं, तर धूर, अत्तर, आरडाओरडा नको. बिबट्याच्या भागात संध्याकाळची चाल टाळा, कारण कुत्रा हे त्याचं नेहमीचं भक्ष्य. अभयारण्यातली वाट तर यादीतूनच काढा.

मुलांच्या खिशातला खाऊही पाहून घ्या. मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषारी असतात आणि मुलं प्रेमाने तेच भरवतात.