बडोद्यात क्यूसीला (औषधाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागात) लागताय? यूव्हीवर बसण्याआधी हे वाचा

एम. एस. युनिव्हर्सिटीतून केमिस्ट्री करून मकरपुरा, नंदेसरी किंवा हालोलकडे औषधांच्या कंपनीत लागलात, की यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रावण किती अतिनील प्रकाश शोषतं ते मोजणारं मशीन, लवकरच हाती येतो. कॉलेजात रंगीत द्रावणं काचेच्या सेलमध्ये (द्रावण भरायच्या छोट्या चौकोनी भांड्यात) मोजली, तर चालून जातं. इथे नाही. साधी काच 320 नॅनोमीटरच्या खालचा प्रकाश स्वतःच शोषून घेते, म्हणून सेल क्वार्ट्जचीच हवी.

उदाहरणार्थ, पॅरासिटामॉलच्या गोळीत औषध किती आहे ते मोजायचंय. 20 गोळ्या वजन करून कुटायच्या. 150 मिग्रॅ पॅरासिटामॉल येईल इतकी पूड, त्यात 50 मिली 0.1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइड आणि 100 मिली पाणी. 15 मिनिटं हलवून पाण्याने 200 मिली करायचं, गाळायचं. त्यातले 10 मिली पाण्याने 100 मिलीला न्यायचे. त्यातले 10 मिली घेऊन 10 मिली अल्कली (तेच सोडियम हायड्रॉक्साइड) घालायची आणि पुन्हा पाण्याने 100 मिली. 257 नॅनोमीटरला 715 (1 टक्का द्रावणाचं 1 सेंमी सेलमधलं शोषण) धरून हिशोब केला, तर पूर्ण मात्रेच्या गोळीचं रीडिंग 0.536 यायला हवं. हा आकडा आधी वहीत काढा, मगच मशीनकडे जा. दुसऱ्या वेळची अल्कली राहून गेली, तर शोषणाचं शिखर खालच्या तरंगलांबीकडे सरकतं, रीडिंग कमी येतं आणि दोष उगाच गोळीवर जातो.

रीडिंग बिघडतं ते बहुतेक वेळा सेलमुळेच. खरखरीत बाजूंनीच धरा. गुळगुळीत बाजूवर बोटाचा ठसा उमटला, की तोही प्रकाश अडवतो. भरण्याआधी त्याच द्रावणाने दोन-तीनदा खळबळा. सेलवरची खूण दर वेळी एकाच दिशेला ठेवा. बुडबुडा दिसला तर हलकेच टिचकी मारा. लवकर वाळावी म्हणून अ‍ॅसिटोनने धुवायचा मोह आवरा: अ‍ॅसिटोन 330 च्या खाली स्वतःच शोषतं, आणि थेंबभर जरी राहिलं तरी 257 ला खोटं रीडिंग देतं. पाणी, मग मिथेनॉल, एवढं पुरे. पावसाळ्यात फ्रिजमधलं द्रावण तसंच भरू नका, सेलवर बाहेरून दव धरतं.

ड्युटेरियमचा दिवा अर्धा तास तापू द्या, नाहीतर शून्य सरकत राहतं.

मुलाखतीत कॅलिब्रेशन, म्हणजे मशीन बरोबर मोजतं का याची तपासणी, हमखास विचारतात. 0.005 मोलर सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये लिटरला 60 मिग्रॅ पोटॅशियम डायक्रोमेट, 257 ला अपेक्षित रीडिंग 0.867, भटक्या प्रकाशासाठी (निवडलेल्या तरंगलांबीबाहेरचा जो प्रकाश मशीनमध्ये शिरतो त्यासाठी) 1.2 टक्के पोटॅशियम क्लोराइड, 198 ला रीडिंग 2 पेक्षा जास्त. डायक्रोमेट विषारी आहे, ग्लोव्हज घालूनच वजन करा.