पुरानंतर विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) किती आणि कशी टाकावी

२०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णेचं पाणी सांगली जिल्ह्यातल्या भिलवडी, ब्रह्मनाळकडच्या वस्त्यांत शिरलं. अशा पुरात बुडालेली विहीर पूर ओसरल्यावर नितळ दिसली, तरी ते पाणी पिऊ नका. कॉलरा, कावीळ, गॅस्ट्रो तिथूनच पसरतात.

आधी विहीर उपसून गाळ काढा. डिझेल इंजिन आत उतरवू नका, धुराने माणूस गुदमरतो. आत उतरणाऱ्याला गमबूट हवेत. पायाला जखम असेल तर त्याने उतरूच नये, लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस तापाचे) जंतू तिथून शिरतात.

नवं पाणी साठलं की मोजा. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं फुटांत, आणि त्याला २२ ने गुणा. १२ फूट व्यास आणि १५ फूट पाणी असेल तर सुमारे ४७,५०० लिटर. एरवी हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल, म्हणजे इथे १२० ग्रॅम पुरते. पुरानंतर पुरत नाही. गाळ आणि कुजका पालापाचोळा क्लोरिन आधी खाऊन टाकतो, जंतूंसाठी काही उरत नाही. म्हणून आरोग्य केंद्रातल्या हॉरॉक्स पेटीने चाचणी घ्या. पाण्याला किती टीसीएल लागेल ते या पेटीतल्या कपांवरून कळतं; कपांत विहिरीचं पाणी घेऊन क्रमाने वाढत जाणारी टीसीएल टाकतात. अर्ध्या तासाने ज्या पहिल्या कपात निळा रंग येईल, त्याचा क्रमांक गुणिले २ इतके ग्रॅम दर ४५५ लिटरला. दुसरा कप निळा झाला तर वरच्या विहिरीला सुमारे ४२० ग्रॅम लागतात. साडेतीनपट फरक आहे, अंदाजाने तो कळत नाही.

पावडर थेट विहिरीत फेकू नका. बादलीमागे १०० ग्रॅमपेक्षा जास्त घेऊ नका. थोड्या पाण्यात आधी खळ करा, मग बादली पाऊण भरून ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. चुना तळाशी बसला की वरची निवळी दुसऱ्या बादलीत घ्या. चुना विहिरीत गेला तर पाणी जड होतं. निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली, कडेकडेने फिरवा.

किमान एक तास कोणी पाणी शेंदू नये. रात्री टाकणं सगळ्यात बरं. सकाळी ओटी टेस्ट करा, म्हणजे ऑर्थोटोलिडीनचं द्रावण टाकून पाण्यात क्लोरिन उरला आहे का ते पाहा. पिवळा रंग दहा सेकंदांच्या आत पाहायचा, उशिरा गडद होणारा रंग फसवतो. साथ असताना ०.५ पीपीएम (लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम) क्लोरिन मिळायला हवा. रंगच आला नाही तर पोतं तपासा: चांगल्या पावडरीत ३३ टक्के क्लोरिन असतो, पण ओल आणि ऊन लागलं की तो उडून जातो, आणि पुरात भिजलेलं पोतं तर टाकूनच द्यावं.