पित्ताची रोजची गोळी सोडायची कशी

‘पित्ताच्या गोळीने आतडी खराब होतात का?’ असं पेशंटने विचारलं की मी उलट विचारतो, गोळी कधीपासून चालू आहे? उत्तर बहुधा वर्षांत येतं. दोन महिन्यांसाठी लिहून दिलेलं पॅन्टोप्राझोल सहा वर्षं चालतं, कारण मेडिकलमध्ये स्ट्रिप मिळते आणि सोडली की छाती जळते. (पित्त यकृतात तयार होतं आणि ही गोळी त्याला हातही लावत नाही. ती जठरातलं आम्ल दाबते. पण ‘पित्ताची गोळी’ हे नाव आता रुळलंय.)

ते आम्ल अन्नाबरोबर आलेले जंतूही मारतं. ते दाबलं की पहारा ढिला पडतो. ही गोळी घेणाऱ्यांच्या आतड्यातली जंतूंची वस्ती बदललेली दिसते आणि साल्मोनेलासारखे (दूषित अन्नातून येणारे) जंतुसंसर्ग जास्त आढळतात. मायक्रोस्कोपिक कोलायटिस ही मोठ्या आतड्याची सूजही अशा लोकांमध्ये जास्त दिसते. पाण्यासारखे जुलाब होतात, रक्त पडत नाही, दुर्बिणीतून आतडं ठणठणीत दिसतं आणि तुकडा काढून तपासला तरच सूज सापडते. प्रत्येकाची सूज गोळीमुळेच असते असं नाही. पण गरज संपलेली गोळी चालू ठेवायचं कारण तरी काय?

आणखी एक गैरसमज. गुडघेदुखीच्या गोळीबरोबर ‘गॅसची गोळी’ (म्हणजे हीच) घेतली की पोट सुरक्षित, असं लोक धरून चालतात. ती जठर आणि त्यापुढचा थोडा भाग सांभाळते. खाली लहान आतड्याला वेदनाशामक गोळीने होणाऱ्या जखमा ती थांबवत नाही.

कोणी सोडू नये: अन्ननलिकेत खोल जखमा किंवा बॅरेटचा बदल (आम्लामुळे अन्ननलिकेच्या अस्तरात होणारा बदल) निघालेल्यांनी आणि रक्तस्रावाचा धोका असताना अ‍ॅस्पिरिन किंवा वेदनाशामक घेणाऱ्यांनी. घास अडकतो, वजन उतरतंय, शौच डांबरासारखी काळी होते, तर आधी एंडोस्कोपी. बाकीच्यांनीही आपल्या डॉक्टरांच्या कानावर घालून सुरुवात करा.

मात्रा उतरवणं सोपं आहे. 40 मिलिग्रॅमवरून 20, दोन ते चार आठवडे, मग तेवढेच दिवस एक दिवसाआड, मग बंद. फक्त 40 ची गोळी मोडून अर्धी करू नका. तिच्यावरचा लेप तुटला की औषध जठरातच वाया जातं. 20 ची वेगळी मिळते.

खरी परीक्षा बंद केल्यानंतर. मी स्वतः पहिल्यांदा एका झटक्यात सोडली. आठवडाभर मजेत गेलो, मग एका रात्री दोन वाजता घशाशी आंबट येऊन उठून बसलो. ‘आजार बरा झालाच नव्हता’ म्हणत सकाळी गोळी पुन्हा सुरू केली. दोनदा असंच झालं, आणि मी डॉक्टर आहे!

तो आजार नव्हता. आम्ल कमी पडतंय असं दिसलं की शरीर गॅस्ट्रिन वाढवतं, म्हणजे आम्ल तयार करा हा हुकूम. गोळी चालू असेपर्यंत हुकूम वाया जातो. ती थांबली की तो हुकूम एकदम अमलात येतो आणि आम्ल पूर्वीपेक्षा जास्त सुटतं. 2009 साली डेन्मार्कच्या संशोधकांनी कधीच जळजळ नसलेल्या निरोगी माणसांना आठ आठवडे अशी गोळी दिली. बंद केल्यावर त्यातल्या 44 टक्क्यांना त्रास झाला, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत 15 टक्क्यांना. म्हणजे धडधाकट माणसालाही जळजळ होते, हे लक्षात ठेवा आणि पहिल्याच रात्री हार मानू नका.

हे दिवस दोन आठवडे ते दोन महिने टिकतात. तेवढ्यापुरती मदत घ्यायला लाज नको. जेवणानंतर आणि झोपताना अल्जिनेट (जठरातल्या अन्नावर तरंगता थर धरून आम्ल वर येऊ न देणारा पदार्थ) असलेलं पातळ औषध घ्या. फारच झालं तर रात्री फॅमोटिडिन, हे आम्ल कमी करणारं वेगळ्या जातीचं औषध, पण रोज नको. रोज घेतलं की दोन आठवड्यांत त्याचा जोर ओसरतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्रा डॉक्टरांना विचारा. थंड दूध क्षणभर बरं वाटायला ठीक. उपाशीपोटी लिंबूपाणी सुचवणाऱ्यांना हात जोडा. पुदिन्याच्या गोळ्याही नकोत, त्याने अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडते. छातीतली कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून ईसीजी काढा.

उशा रचू नका, पोट दुमडून उलट दाब वाढतो. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा ठेवा, साधारण 15 सेंटिमीटर. डाव्या कुशीवर झोपा. जेवण झोपेच्या तीन तास आधी. तंबाखू, मिश्री बंद, हे सांगायला नकोच.

दोन-तीन महिन्यांनीही जळजळ जशीच्या तशी असेल, तर तुम्हाला गोळी खरंच लागते. मग अपराधी न वाटू देता घ्या, भागेल तेवढ्या कमीत कमी मात्रेत, नाश्त्याआधी अर्धा तास. पोहे-चहा उरकून वर गोळी टाकायची आणि ‘लागूच पडत नाही’ म्हणायचं, हे मात्र मी ऐकून घेत नाही.